उसन्या चंद्राचं काय करायचं?



वार्षिकांकाच्या मराठी विभागात नाव दिलं तेव्हा वाटलं होतं, काम सोपं आहे. कविता गोळा करायच्या, शुद्धलेखन बघायचं, फोटो चिकटवायचे आणि सबमिशनच्या आठवड्यात 'संपादक मंडळाचं काम आहे सर' असं सांगून थोडी सवलत मागायची! पण या वर्षी कवितांचा गठ्ठा घेऊन आम्ही चौघं कॅन्टीनमध्ये बसलो आणि पहिल्या अर्ध्या तासातच गाडं अडलं.

चाळीसेक कविता होत्या. त्यातल्या तीस तरी प्रेमाच्या. (उरलेल्या आई, पाऊस आणि मेसच्या डाळीवर.) प्रेमाच्या कवितांत मुलगी कशी? चंद्रासारखी. डोळे हरणाचे, ओठ गुलाबाचे, केस काळ्या ढगांचे, चाल हंसाची. हंस! आमच्यापैकी कुणीही हंस चालताना पाहिलेला नाही. खाडीवर बगळे दिसतात, पण बगळ्याच्या चालीवर कुणी कविता केलेली नव्हती. दोनतीन कविता तर चक्क मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतलेल्या होत्या आणि त्यातही हाच चंद्र, हेच गुलाब. यंत्राचा तरी काय दोष? त्याला आपणच शिकवलंय.

आमच्या मंडळात लेडीज हॉस्टेलची एक मैत्रीण आहे, मेकॅनिकलची. तिने सगळा गठ्ठा वाचून खाली ठेवला आणि विचारलं, "यातली एक तरी मुलगी आपल्या कॉलेजात शिकते का रे? एकीच्याही हाताला ग्रीस कसं लागलेलं नाही?"

आम्ही हसलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. तिन्हीसांजेला हॉस्टेलच्या गच्चीवर गेलो तर समोर खराखुरा चंद्र! त्याच्याकडे बघताना पहिल्यांदाच विचार आला, की हा चंद्र आपल्या कवितेत आला कुठून? आपला आहे की उसना?

फर्स्ट इयरला आपल्याला कम्युनिकेशन स्किल्स शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं. त्यांनी 'बसा' म्हटलं आणि लायब्ररीतून तीन पुस्तकं काढून दिली. पुढचे दोन महिने रात्री मेसनंतर जे वाचलं, त्यातून हा लेख झाला. मी साहित्याचा विद्यार्थी नाही, सिव्हिलचा आहे. तेव्हा चुकलं तर सांगा, पण माझं मत ठाम आहे आणि ते मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

गोष्ट इटलीत सुरू होते. पेट्रार्क नावाच्या कवीने 1327 साली अव्हिन्यों गावच्या चर्चमध्ये लॉरा नावाच्या स्त्रीला पाहिलं आणि पुढे आयुष्यभर तिच्यावर कविता केल्या. त्याच्या संग्रहात 366 कविता आहेत. लॉरा 1348 साली गेली, तरी कविता चालूच राहिल्या. ती दूर, उंचावर, थंड. हा खाली, झुरणारा. तिचे केस सोन्याचे, कांती हिमाची. सोळाव्या शतकात वायट आणि सरे या दोन इंग्रज दरबाऱ्यांनी ही कविता आणि तिचा चौदा ओळींचा साचा इंग्लंडमध्ये आणला. त्यालाच आपण मराठीत सुनीत म्हणतो.

इंजिनिअरला सुनीत आवडायला हरकत नाही. चौदा ओळी, त्यात एकही कमी नाही, एकही जास्त नाही. इटालियन पद्धतीत आठ अधिक सहा, शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार-चार आणि शेवटी दोन. म्हणजे स्पेसिफिकेशन आधी दिलेलं आहे, डिझाइन त्यातच बसवायचं. पण साचा आला तसा त्याच्याबरोबर मालही आला. सोन्याचे केस, पोवळ्याचे ओठ, मोत्यांचे दात, सूर्यासारखे डोळे. डोक्यापासून सुरुवात करून एकेक अवयव घ्यायचा आणि त्याला एकेक महागडी वस्तू जोडायची. आपल्याकडे नखशिखांत वर्णन म्हणतात तेच हे. आपली यादीही तयार आहेच. मृगनयनी, गजगामिनी, चाफेकळी नाक, डाळिंबाच्या दाण्यांसारखे दात. म्हणजे चंद्र निव्वळ इंग्रजांचा, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. याद्यांच्या बाबतीत दोन्ही देश सारखेच श्रीमंत!

आता कुणी म्हणेल, 'अरे, अतिशयोक्ती हा अलंकारच आहे. दहावीला पाठ केलाय. कवितेला एवढं काय मनावर घ्यायचं?' मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण यादीचं एक वैशिष्ट्य असतं. यादी म्हटली की माप आलं आणि माप आलं की मार्क आले.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. सांगताना लाज वाटते, पण ती न सांगता हा लेख लिहिणं म्हणजे कॉपी करून पास होणं. सेकंड इयरला असताना आमच्या विंगमध्ये एका रात्री वर्गातल्या मुलींची यादी झाली. डोळ्यांना इतके, रंगाला इतके, फिगरला इतके, आउट ऑफ टेन. तक्ता अगदी व्यवस्थित, कारण तक्ते करायची आपल्याला सवयच असते. एक कॉलम मी भरला होता. तो होता रंगाचा. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि दोन दिवसांत तो लेडीज हॉस्टेलच्या ग्रुपवर पोचला. तिसऱ्या दिवशी सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचमधली एक मुलगी थिओडोलाइट लावता लावता शांतपणे म्हणाली, "री-चेकिंगचा फॉर्म कुठे मिळतो? मला रंगाला चारच मिळालेत."

बॅचमधले दोघंतिघं हसले. ती हसली नाही. ती समुद्रकाठच्या गावातली. सुट्टीत वडिलांबरोबर मासळी उतरवायला उभी राहते, उन्हातच वाढलेली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती रात्री रीडिंग हॉलला आली नाही. मी माफी मागितली, पण ती मागायला मला सहा महिने लागले. ती 'ठीक आहे' म्हणाली. ते ठीक नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

म्हणून मी जेव्हा वाचलं की इंग्रजीतल्या 'फेअर' या शब्दाचा शेक्सपिअरच्या काळात सुंदर हाही अर्थ होता आणि गोरा हाही, तेव्हा मला तो तक्ता आठवला. एकाच शब्दात दोन्ही अर्थ बसवले की सावळ्या माणसाला सुंदर म्हणायला भाषेत जागाच उरत नाही. आपल्याकडे वेगळं काय आहे? स्थळांच्या जाहिरातीत आजही 'गोरी, सडपातळ' असतंच. फेअर अँड लव्हली या क्रीमने 2020 साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केला. डबीवरचा शब्द एका वर्षात बदलतो. डोक्यातला बदलायला किती वर्षं लागतील?

आणि इथेच मला शेक्सपिअर पहिल्यांदा आवडला. त्याची 154 सुनीतं 1609 साली छापली गेली. पहिली 126 एका देखण्या तरुणाला उद्देशून आहेत, ही गोष्ट आपल्याला कुणी शाळेत सांगत नाही. त्यानंतरची बहुतेक एका काळ्या डोळ्यांच्या, सावळ्या स्त्रीवर आहेत. 127व्या सुनीतात तो सरळच सांगतो, की पूर्वीच्या काळी काळ्या रंगाला सुंदर म्हणत नसत. आणि 130व्यात तर त्याने ती पेट्रार्कवाली यादीच घेऊन एकेक कलम खोडून काढलंय. माझ्या प्रियेचे डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठ पोवळ्यासारखे नाहीत, तिचा श्वास अत्तरासारखा नाही आणि ती चालते ती जमिनीवरूनच. तरीही ती मला खोट्या उपमा दिलेल्या कुणाहीपेक्षा दुर्मीळ वाटते, असा शेवट. मला विचाराल तर, ही पहिली माणसासारखी प्रेमकविता. चारशे वर्षांपूर्वी त्याने मार्कांचा तक्ता फाडला आणि आम्ही तो हॉस्टेलात पुन्हा आखला.

बायरननेही एका कवितेत असंच काहीसं केलंय. 1814 साली एका समारंभात त्याने सुतकाच्या काळ्या पोशाखातली एक नातेवाईक स्त्री पाहिली आणि तिच्या रूपाला झगमगत्या दिवसाची नाही, तर चांदण्या रात्रीची उपमा दिली. उपमा द्यायचीच असेल तर निदान समोर बघून द्यावी, एवढं बायरनकडून शिकता येतं.

पण नुसतं सौंदर्याचं वर्णन हाच प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. या कवितांत बोलतं कोण? नेहमी तो. ती ऐकते. ऐकते की नाही, हेही कळत नाही!

मार्लोची एक प्रसिद्ध कविता आहे, 1599 साली छापलेली. मेंढपाळ प्रेयसीला सांगतो, माझ्याबरोबर राहायला चल, तुला फुलांची शेज देईन, लोकरीचा झगा देईन. गोड आहे, गाण्यासारखी आहे. मार्व्हेलची कविता त्याच्या मृत्यूनंतर 1681 साली छापली गेली. तो म्हणतो, वेळ भरपूर असता तर तुझ्या एकेका अवयवाची स्तुती करायला शतकंच्या शतकं घेतली असती, पण वेळ नाही. मग म्हातारपण आणि मरण यांची भीती दाखवून तो 'हो म्हण' म्हणतो. कविता म्हणून जबरदस्त, त्यात वाद नाही. पण ती नीट वाचली तर लक्षात येतं, की तिच्या 'नाही'ला तिथे जागाच ठेवलेली नाही. तिचं 'नाही' म्हणजे नुसता लाजाळूपणा, जो युक्तिवाद करून मोडायचा असतो.

आपल्या सिनेमांनी हेच केलं. आणि हॉस्टेलात आपण एकमेकांना सल्ला देतो तोही हाच. 'सोडू नको, मागे लाग, शेवटी हो म्हणेल.' किती जणींनी या 'शेवटी'पायी क्लासची वेळ बदलली, एसटी सोडून पुढची पकडली, नंबर ब्लॉक केले, हे त्यांना विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. आता विचारलं, म्हणून लिहितोय.

गंमत म्हणजे मार्लोच्या त्या मेंढपाळाला त्याच काळात उत्तरही मिळालं. 1600 साली एका संग्रहात छापलेली ती कविता वॉल्टर रॅलेची मानतात. त्यात मुलगी बोलते. शांतपणे हिशोब करते. तुझी फुलं सुकतील, झगा फाटेल, आणि तारुण्य कायम टिकणारं असतं तर मी विचार केला असता. म्हणजे नकार आहे, पण अपमान नाही, रडारड नाही. लिहिणारा पुरुषच असला तरी तिला बोलायला चौथरा तरी दिला. माझी सूचना अशी, की मार्लोची कविता जिथे जिथे शिकवतात तिथे हे उत्तर सोबत शिकवावं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाकडे येतो. जॉन डन. या कवीने आपल्यासाठी, म्हणजे ड्रॉइंग हॉलमध्ये मान मोडणाऱ्यांसाठीच लिहिलंय असं मला वाटतं.

डन हा एका बड्या अधिकाऱ्याचा सचिव होता. 1601 साली त्याने त्या अधिकाऱ्याच्या बायकोच्या भाचीशी, ॲन मोरशी, गुपचूप लग्न केलं. परिणाम? नोकरी गेली आणि काही काळ तुरुंगात काढावा लागला. पुढे अनेक वर्षं ओढगस्तीची. असा हा माणूस 1611 साली युरोपच्या प्रवासाला निघताना बायकोला एक कविता देऊन गेला, असं त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो. त्या कवितेत उपमा कशाची आहे? चंद्राची नाही. गुलाबाची नाही. कर्कटकाची! आपल्या कंपासपेटीतल्या कर्कटकाची!

तो म्हणतो, आपले जीव दोन असतील तर ते कर्कटकाच्या दोन पायांसारखे. तू मध्यावर रोवलेलं टोक, मी फिरणारं. मी दूर जातो तसं तू माझ्याकडे कलतेस, मी घरी येतो तशी सरळ होतेस. तू पक्की राहतेस म्हणूनच माझं वर्तुळ पुरं होतं आणि मी निघालो तिथेच परत येतो. त्याच कवितेत सोन्याचाही दाखला आहे. विरह म्हणजे तुटणं नाही, सोनं ठोकून पातळ पत्रा होतो तसं पसरणं. मटेरिअल सायन्सच्या पेपरात मॅलिएबिलिटीची व्याख्या लिहिताना हे कुणी सांगितलं असतं तर ती मी जन्मात विसरलो नसतो. या संपूर्ण कवितेत ॲन दिसायला कशी होती हे एका शब्दानेही सांगितलेलं नाही. डोळे, ओठ, हात यांचा उल्लेख येतो तो त्यांच्यावाचूनही आपलं भागेल, हे सांगायला.

मी ही कविता आमच्या मंडळात वाचून दाखवली तेव्हा जरा भाव खाल्ला, हे कबूल करतो. रूमवर एका मित्राने तर कर्कटक हातात घेऊन पुन्हा उघडून-मिटून बघितलं. त्याचे वडील बोटीवर असतात. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. श्रीवर्धन-म्हसळा-मुरूडकडे अशी घरं काही कमी नाहीत, कुणी बोटीवर, कुणी आखातात. तो एवढंच म्हणाला, "आई अशीच कलते रे, फोन आला की."

पण मेकॅनिकलवाल्या मैत्रिणीने इथेही सोडलं नाही. "छान आहे," ती म्हणाली, "पण रोवलेलं टोक नेहमी बाईच का? माझं प्लेसमेंट बंगळुरूला झालं आणि तो इथे राहिला तर? कर्कटक उलटं धरता येत नाही का?"

येतं की! भूमितीला काहीच फरक पडत नाही. दोन्ही पाय सारख्याच लांबीचे असतात. ॲनने मात्र बारा वेळा बाळंतपण सोसलं आणि 1617 साली, शेवटचं मूल जन्मल्यानंतर काही दिवसांतच, ती गेली. तिने लिहिलेली कविता आपल्याकडे नाही. म्हणजे सगळ्यात चांगल्या प्रेमकवितेतही अर्धी बाजू कोरीच राहिली.

ती बाजू एकोणिसाव्या शतकात भरायला लागली. एलिझाबेथ बॅरेट ही आजारी, घरात अडकलेली, पण आधीच नामवंत झालेली कवयित्री. 1845 साली रॉबर्ट ब्राउनिंगचं पत्र आलं. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान. वडिलांचा कुठल्याही मुलाच्या लग्नालाच विरोध. 1846 साली दोघांनी गुपचूप लग्न केलं आणि इटली गाठली. त्या काळातली तिची 44 सुनीतं 1850 साली छापली गेली. त्यातल्या एकात ती त्याला बजावते, की माझं हसणं, दिसणं, बोलणं यांसाठी माझ्यावर प्रेम करू नकोस. या गोष्टी बदलतात आणि मग प्रेमही बदलेल. करायचं तर निव्वळ प्रेमासाठी कर. पेट्रार्कचा साचा तोच, चौदा ओळी त्याच, फक्त आता चंद्र स्वतः बोलतोय आणि म्हणतोय, मला चंद्र म्हणू नकोस.

त्याच सुमाराला ख्रिस्तिना रोझेटीने 1856 साली एक सुनीत लिहिलं. एका चित्रकाराच्या स्टुडिओत सगळ्या चित्रांतून एकच चेहरा. राणी म्हणून तीच, संत म्हणून तीच. पण ती खरी जशी आहे तशी नाही, त्याच्या स्वप्नात जशी आहे तशी. हे तिच्या भावाच्या, दान्ते गॅब्रिएल रोझेटीच्या, मॉडेलवर असल्याचं मानतात. ती मॉडेल म्हणजे एलिझाबेथ सिडल. मिले या चित्रकाराच्या ऑफिलियासाठी ती टबातल्या पाण्यात तासन् तास पडून राहिली होती. खालचे दिवे विझले, पाणी गार पडलं, ती आजारी पडली. ती 1862 साली वारली तेव्हा रोझेटीने आपल्या कवितांची वही तिच्याबरोबर पुरली आणि 1869 साली थडगं उकरून ती बाहेर काढली. सिडल स्वतःही चित्रं काढायची, कविता करायची. हे कितीजणांना माहीत आहे? मला दोन महिन्यांपूर्वी नव्हतं.

आता मुद्दा आपला. ही सगळी इंग्रजी कविता आपल्या मराठीत आली कशी आणि तिने इथे काय केलं?

मराठीत पहिलं सुनीत आणण्याचं श्रेय केशवसुतांना देतात. केशवसुत आपल्या शेजारच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, मालगुंडचे. जन्म 1866, मृत्यू 1905. शाळामास्तरकी करता करता त्यांनी इंग्रजी कविता वाचल्या, काहींची भाषांतरं केली. पुढे 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. त्यातले माधव ज्युलियन म्हणजे माधवराव पटवर्धन फारसी आणि इंग्रजी दोन्हीत मुरलेले. त्यांनी सुनीत रुजवलं, फारसीतून गझल आणली, 1926 साली 'विरहतरंग' हे प्रेमावरचं खंडकाव्य लिहिलं. 1938 साली 'छंदोरचना'साठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली.

यात उसनवारी किती होती, यावर तेव्हाही टीका झाली आणि ती काही अंशी बरोबरच होती. पण मला इथे जरा थांबून या मंडळींची बाजू घ्यायची आहे. 1891 साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला तेव्हा ते वय दहाचं बारा करण्यावरून केवढं रण माजलं होतं! अशा समाजात, जिथे लग्न वडीलधारे ठरवायचे आणि मुलीला विचारायची पद्धतच नव्हती, तिथे 'एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला स्वतः निवडणं' ही कल्पना मुळातच स्फोटक होती. आपल्याकडे शृंगार होता, लावणी होती, राधा-कृष्ण होते. पण साध्या सुशिक्षित घरातल्या दोघांनी एकमेकांना निवडावं आणि ते उघड म्हणावं, हे धाडस या इंग्रजी वाचनाने पुष्कळांना दिलं. तेव्हा उसनं आणलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. उसनं आणून काय रांधलं, ते बघायचं.

उत्तम रांधलेलं एक ताट म्हणजे कुसुमावती आणि अनिल. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आणि कुसुमावती देशपांडे यांनी लग्नाआधी एकमेकांना लिहिलेली पत्रं 1972 साली 'कुसुमानिल' या नावाने पुस्तकरूपात आली. कुसुमावती इंग्रजी साहित्य शिकायला लंडनला गेल्या, परत येऊन नागपूरला इंग्रजी शिकवलं, मराठीत समीक्षा लिहिली आणि 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. इथे बघा, ज्याच्यावर कविता व्हायची ते माणूस स्वतः वाचतंय, लिहितंय, मत देतंय. कर्कटकाचे दोन्ही पाय फिरतायत!

आणि उसनवारीचा आपला न्यूनगंड घालवायचा असेल तर आणखी मागे जा. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. पेट्रार्कच्या हजारभर वर्षं आधीची. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली ती मराठीत आणली. दोन ओळींच्या गाथा. त्यात राण्या कमी, शेतकऱ्याच्या, शिकाऱ्याच्या बायका जास्त. आणि बऱ्याच गाथांत बोलणारी तीच आहे. नवरा परगावी गेलाय, शेत उभं आहे, सासू झोपलीय आणि ही मैत्रिणीला काहीतरी सांगतेय. आपल्याच मातीत इतक्या आधी एवढ्या बायका बोलत होत्या आणि आपण मात्र हंसाची चाल शोधत बसलोय.

शेवटी आमच्या मंडळाने काय केलं ते सांगतो. कविता नाकारल्या नाहीत. (तसं केलं असतं तर अंक कोराच निघाला असता!) प्रत्येक कवीला कविता परत दिली आणि एकच अट घातली. 'तिच्याबद्दल किंवा त्याच्याबद्दल असं एक वाक्य लिही, जे दुसऱ्या कुणाबद्दलही लिहिता येणार नाही.' बाकी चंद्र ठेवायचा तर ठेव.

तिसांपैकी अकराजण परत आले. बाकीचे का आले नाहीत, याचा मी अंदाज करतो. त्यांनी बहुधा प्रयत्न केला असेल आणि लक्षात आलं असेल, की आपण तिला कधी नीट पाहिलेलंच नाही. हे कळणंही काही वाईट नाही.

आलेल्यांपैकी एकाने लिहिलंय, ताम्हिणीच्या वळणांवर एसटीत तिला मळमळतं म्हणून ती लिंबू जवळ ठेवते आणि न विचारता अर्धं मला देते. एकीने लिहिलंय, वर्कशॉपमध्ये त्याचा जॉब बिघडला तेव्हा तो चिडला नाही, कानस खाली ठेवून आधी हसला, तेव्हा मला तो आवडला. या दोन्ही कविता याच अंकात पुढे आहेत. त्यांत वृत्त चुकलंय, एका ठिकाणी यमक ओढून आणलंय, पण माणसं खरी आहेत.

आणि त्या तक्त्याबद्दल. आमच्या विंगमध्ये आता फर्स्ट इयरची नवी मुलं आलीयत. गेल्या महिन्यात एका रूममधून तसलाच हशा ऐकू आला. मी आत गेलो. भाषण देता येत नाही मला. मी फक्त रंगाचा कॉलम आणि री-चेकिंगची गोष्ट सांगितली. तक्ता फाटला की नाही माहीत नाही, पण त्या रात्री तरी पेन खाली ठेवलं गेलं.

मित्रांनो, प्रेम करा, कविताही करा. उपमा हवीच असेल तर कंपासपेटी उघडा, वर्कशॉपमध्ये बघा, खाडीवर जा. आणि उपमा द्यायच्या आधी, जिच्यावर लिहिताय ती काय म्हणतेय ते एकदा ऐकून घ्या. ती 'नाही' म्हणत असेल, तर कविता तिथेच संपते. चौदा ओळी पुऱ्या झाल्या नसल्या तरी.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी
(मराठी विभाग, संपादक मंडळ)